बेडक्याची साक्ष

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील ताडकळस हे गाव गोदावरी आणि पूर्णा या दोन नद्यांच्या मधल्या ज्या काळ्या, कपाशी-ज्वारीच्या मुलखात वसले आहे, त्या मुलखाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला सारा-वसुलीचे ताळेबंद, वतनांचे तंटे, दुष्काळातील तगाईचे हुकूम आणि सरहद्दींचे दाखले यांची वाण सहसा पडत नाही. परंतु त्याच मुलखातील घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकू आलेला खोकला, ज्याने कर्ती माणसे ऐन उमेदीत अंथरुणाला खिळवली आणि तान्ही मुले दोन रात्रींत ओढून नेली, त्याचा मागमूस त्या दफ्तरांत फार क्वचित लागतो. मृत्यूची नोंद झालीच तर ती ‘ताप’ या एका शब्दाखाली होई, आणि त्या शब्दाच्या पोटात हिवतापापासून क्षयापर्यंत सारे काही सामावून जाई. म्हणून ताडकळससारख्या गावाच्या फुप्फुसांचा इतिहास लिहायचा तर तो गावच्या कागदांवरून लिहिता येत नाही. खोकणाऱ्या माणसाच्या बेडक्याला साक्षीदार मानण्याची बुद्धी मनुष्याला केव्हा झाली, आणि ती साक्ष नोंदवून घेणारी कचेरी या मुलखाच्या किती जवळ आली, या दोन प्रश्नांच्या आधारेच तो लिहावा लागतो.

लक्षणांचे ज्ञान मात्र येथे कधीच उणे नव्हते. चरकाने राजयक्ष्म्याची त्रिरूप, षड्‌रूप आणि एकादशरूप अशी चढती लक्षणमाला सांगितली आहे, आणि तिच्यातील पहिली तीन लक्षणे, म्हणजे खांदे व बरगड्या यांच्या ठायी होणारा ताप, हातापायांच्या तळव्यांची आग आणि सर्वांगात मुरलेला ज्वर ही, आजच्या क्षयरोग्याच्या तोंडूनही जशीच्या तशी ऐकायला मिळतात. कासाचे पाच प्रकार सांगताना ‘क्षतज’ आणि ‘क्षयज’ हे दोन निराळे काढून रक्तमिश्रित कफाची गांभीर्याने दखल घेणाऱ्या शास्त्राला निरीक्षणाची दृष्टी नव्हती, असे कोण म्हणेल? सन्निपातज्वर सातव्या, दहाव्या अथवा बाराव्या दिवशी एकदा उग्र होऊन मग शमतो किंवा रोग्याला घेऊन जातो, हे माधवनिदानाच्या परंपरेतील वचन ज्याने वाचले आहे, त्याला फुप्फुसदाहाचे जुने पाश्चात्त्य वर्णन वाचताना ओळखीची खूण पटते. कारण प्रतिजैविकांच्या पूर्वीच्या काळात न्यूमोनियाचा ताप सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास एकाएकी घाम फुटून उतरे, नाहीतर रोगी दगावे, असेच तेथील वैद्यांनीही नोंदवून ठेवले आहे. दोन्ही वर्णने एकाच रोगाची आहेत असा दावा मी करीत नाही, कारण सन्निपाताच्या विशाल छत्राखाली अनेक ज्वर उभे होते. परंतु खाटेच्या उशाशी बसून दिवस मोजणारी नजर दोन्हीकडे एकाच जातीची होती.

शास्त्र न शिकलेल्या घरांतही हे ज्ञान होतेच. तान्ह्या मुलाचा श्वास लागला, नाकपुड्या फुलू लागल्या, बरगड्यांखालची कातडी आत ओढली जाऊ लागली, की ‘पोट उडतंय’ किंवा ‘डबा झाला’ म्हणून सांगणारी म्हातारी कोणत्या गावी नव्हती? खोकता खोकता मूल निळे पडून शेवटी लांब ओढ घेऊन श्वास आत घेते, तो डांग्या खोकला. घशात राखी पापुद्रा धरून मान सुजते आणि आवाज बसतो, तो घटसर्प. हे भेद माजघरात ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते कारण, आणि कारण ठाऊक नसल्यामुळे ज्ञानाचा शेवट बहुधा नवसात किंवा डागण्यात होई. तापलेल्या लोखंडाने पोटावर दिलेले ते डाग घेऊन जगलेली माणसे या मुलखातील जुन्या पिढीत अनेकांनी पाहिली असतील. त्यांच्या आयांना निर्दय म्हणण्याचे धाडस मला होत नाही, कारण मूल डोळ्यांदेखत गुदमरत असता काहीतरी करणे त्यांना भाग होते आणि त्याहून बरे काही त्यांच्या हाती कोणी दिले नव्हते.

या अगतिकतेला राजवाडाही अपवाद नव्हता. पानिपतानंतर खचलेली मराठी सत्ता पुन्हा उभी करणारे थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला राजयक्ष्म्याने वारले, तेव्हा त्यांचे वय अवघे सत्तावीस वर्षांचे होते, आणि त्यांच्या उशाशी वैद्यांची अथवा द्रव्याची उणीव असण्याचे काही कारण नव्हते. त्यानंतर शंभरावर वर्षांनी, पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ साली पदवी घेऊन परतलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात याच रोगाला बळी पडल्या. या दोन मृत्यूंच्या मध्ये मात्र एक मोठी घटना घडून गेली होती. आनंदीबाई अमेरिकेला निघण्याच्या आदल्या वर्षी, २४ मार्च १८८२ रोजी, रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सिद्ध करून दाखविला होता. शत्रूचे नाव आणि रूप समजले. त्याच्यावर चालणारे पहिले खरे शस्त्र जे स्ट्रेप्टोमायसिन, ते सापडायला मात्र आणखी साठ वर्षांचा काळ जायचा होता.

शस्त्र हाती नसताना शत्रूचे रूप समजून काय उपयोग, असा प्रश्न कोणी करील. पण निदानाचा इतिहास औषधाच्या इतिहासाहून स्वतंत्रपणे वाचण्यासारखा आहे. १७६१ मध्ये आउएनब्रुगर यांनी छातीवर बोटांनी ठोकून आतील पोकळी व भरीवपणा ओळखण्याची रीत सांगितली. १८१६ मध्ये लाएनेक यांनी स्टेथोस्कोप काढला आणि फुप्फुसांतील ध्वनींचा एक कोशच रचला, आणि दहा वर्षांनी त्याच फुप्फुसांच्या क्षयाने ते स्वतः गेले. येथवर वैद्य रोग्याच्या शरीरालाच विचारीत होता. कॉख यांच्यानंतर शरीरातून बाहेर पडलेल्या, घृणेने मातीत पुरून टाकण्याच्या वस्तूला, बेडक्याला, विचारण्याचा प्रघात पडला. क्षयाच्या जंतूभोवती मेणचट द्रव्यांचे असे कवच असते की साधा रंग त्याच्यात शिरत नाही, आणि एकदा उष्णतेच्या बळावर शिरला तर आम्लानेही निघत नाही. या हट्टालाच एर्लिख, झील आणि नीलसन यांनी दोनेक वर्षांच्या आत ओळखीची खूण बनविले. १८८४ मध्ये हान्स ख्रिश्चन ग्राम हा डॅनिश तरुण डॉक्टर बर्लिनमधील एका शवागारात न्यूमोनियाने मेलेल्यांच्या फुप्फुसांचे काप रंगवीत असता त्याला आढळले की जांभळा रंग व आयोडीन देऊन मद्यार्काने धुतले असता काही जंतू रंग धरून ठेवतात आणि काही सोडून देतात. आपली रीत सदोष आहे असे त्याला स्वतःला वाटत होते. आज जगातील कोणत्याही प्रयोगशाळेत जंतूंची पहिली वाटणी होते ती याच रीतीने.

महाराष्ट्रात ही नवी विद्या आली ती संकटाच्या पावलांनी. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगश यांनी प्लेग ओळखला, ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन मुंबईस दाखल झाले, आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमधील तुटपुंज्या जागेत काम करून १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. ही कथा सर्वांना ठाऊक आहे. तितकी ठाऊक नसलेली गोष्ट अशी की त्याच साथीत मुंबईतील डॉ. एल. एफ. चाइल्ड यांच्या ध्यानात आले की काही रोग्यांच्या जांघेत वा काखेत गाठ मुळीच नसते, त्यांना निव्वळ न्यूमोनियाची लक्षणे असतात, आणि तरीही त्यांच्या फुप्फुसांत व रक्तमिश्रित कफात प्लेगचेच जंतू दिसतात. गाठ चाचपून माणसे वेगळी काढणाऱ्या सरकारी बंदोबस्ताच्या दृष्टीने हे रोगी निर्दोष ठरत होते, आणि प्रत्यक्षात तेच आपल्या खोकल्यातून मरण थेट दुसऱ्याच्या श्वासात सोडीत होते. लक्षण फसवू शकते आणि कफ खरे बोलतो, हे इतक्या दारुण रीतीने क्वचितच सिद्ध झाले असेल. परळ येथील प्लेग प्रयोगशाळा, जी १९२५ पासून हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते, ती या अनुभवातून उभी राहिली.

पण ताडकळस मुंबई इलाख्यात नव्हते. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा परभणी जिल्हा निजामाच्या अमलाखाली होता, जिल्ह्याचा मुख्य अधिकारी अव्वल तालुकदार म्हणविला जाई, आणि राज्याचे वैद्यकीय हृदय हैदराबादेस होते. ते राज्य या विद्येत मागासलेले होते असे समजणे अन्यायाचे होईल: हैदराबादेचे वैद्यकीय विद्यालय १८४६ मध्ये, म्हणजे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजनंतर अवघ्या वर्षाने निघाले आणि तेथे प्रारंभी उर्दूतून पाश्चात्त्य वैद्यक शिकविले जाई, क्लोरोफॉर्मच्या सुरक्षिततेविषयी तेथे झालेल्या चौकशीची चर्चा १८८८-८९ मध्ये जगभर झाली, सिकंदराबादेत ऑगस्ट १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी सापडला. परंतु या साऱ्या दिव्यांचा उजेड राजधानीभोवती पडत होता. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड-सिकंदराबाद हा मीटरगेज लोहमार्ग परभणी व पूर्णा या स्थानकांवरून जाऊ लागला, आणि पुढे पूर्णेहून हिंगोलीकडे फाटा निघाल्यावर पूर्णा हे जंक्शन झाले, तेव्हा ताडकळसच्या सधन रोग्याला एका बाजूने हैदराबादेची व दुसऱ्या बाजूने मनमाडमार्गे मुंबईची किंवा मिरजेची वाट मोकळी झाली. मिरजेस डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९० च्या दशकात उभारलेल्या इस्पितळाची आणि पुढे त्याच्या जोडीला निघालेल्या क्षयरोग आरोग्यधामाची कीर्ती दूरवर पोहोचली होती. निर्धनाला मात्र रेल्वे असून नसल्यासारखीच होती. मुक्कामाला माणूस कोण, मागे शेत कोण पाहणार, आणि आरोग्यधामात महिनोन्‌महिने राहण्याचा खर्च कोठून आणणार? तो गावच्या हकिमाकडे किंवा वैद्याकडे जाई, आणि मग कोठेच जात नसे.

घटसर्प आणि डांग्या खोकला यांचा इतिहास तुलनेने सुखाचा आहे, म्हणून तो थोडक्यात सांगून पुढे जातो. घटसर्पाचा जंतू १८८३-८४ मध्ये क्लेब्स व लोफ्लर यांनी, आणि डांग्या खोकल्याचा १९०६ मध्ये बोर्दे व झांगू यांनी पकडला. बटाटा, ग्लिसरीन आणि रक्त यांच्या वाढखाद्यावर मुलाला खोकायला लावून जंतू उतरवून घेण्याची रीतही निघाली. पण या दोहोंची खरी वासलात लावली ती निदानाने नव्हे, लसीने. १९७८ पासून देशव्यापी झालेल्या लसीकरणाने. आज तरुण डॉक्टरांपैकी पुष्कळांनी घशातील तो राखी पापुद्रा केवळ चित्रातच पाहिलेला असतो, आणि म्हणूनच तो एखाद्या गावी पुन्हा उगवला तर ओळखू न येण्याचा धोका असतो.

क्षयाच्या बाबतीत स्वातंत्र्यानंतर जे विचारमंथन झाले, ते मला भारतीय वैद्यकाच्या इतिहासातील एक अत्यंत उज्ज्वल प्रकरण वाटते. १९५६ मध्ये मद्रासला क्षयरोग-रसायनोपचार केंद्र निघाले आणि तीन वर्षांत तेथील प्रयोगाने दाखवून दिले की दाटीच्या, अर्धपोटी घरात राहून औषध घेणारा रोगी आरोग्यधामातील रोग्याइतकाच बरा होतो, आणि त्याच्या घरच्यांना त्यामुळे अधिक लागणही होत नाही. शुद्ध हवा, दूध-अंडी आणि सक्तीची विश्रांती यांवर उभारलेली आरोग्यधामांची सारी इमारत या एका निष्कर्षाने अनावश्यक ठरली, आणि ज्याला घर सोडणे शक्य नव्हते त्या शेतमजुराला प्रथमच बरे होण्याचा हक्क मिळाला. १९५९ मध्ये बंगळुरास राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. तेथील देबव्रत बॅनर्जी व स्टिग अँडरसन या दोघांनी तुमकूर जिल्ह्यातील खेड्यांत जाऊन क्षय झालेल्या माणसांना एक साधा प्रश्न विचारला: तुम्हाला काही होते आहे असे वाटते का, आणि वाटत असेल तर तुम्ही काय केले? खेडूत अडाणी असतात, रोग लपवितात, दवाखान्याची पायरी चढत नाहीत, असा शहरी समज तेव्हा सार्वत्रिक होता. उत्तर उलटे आले. जवळजवळ सर्वांना लक्षणे जाणवत होती, बहुतेकांना चिंता होती, आणि निम्म्याहून थोडे अधिक लोक दवाखान्यात जाऊनही आले होते. तेथे त्यांच्या हाती खोकल्याच्या औषधाची बाटली ठेवून त्यांना परत पाठविण्यात आले होते.

१९६३ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास मी मराठवाड्यातील प्रत्येक आरोग्य कर्मचाऱ्याला वाचायला लावीन. तुमकूर आणि ताडकळस यांच्यात भाषा सोडली तर काय अंतर आहे? दोन्हीकडे कोरडवाहू शेती, दोन्हीकडे तालुक्याच्या गावापर्यंत पायपीट, आणि दोन्हीकडे आपल्या छातीत काय चालले आहे हे पुरते जाणणारी, पण त्याची तपासणी कोणी न केलेली माणसे. १९६२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाचे तत्त्व याच शोधावर आधारलेले होते: रोगी शोधायला घरोघर हिंडू नका, तो तुमच्या दारी आलेलाच आहे, त्याची थुंकी तपासा. जिल्ह्याच्या ठिकाणी क्षयरोग केंद्र आणि सर्वसामान्य दवाखान्यांतून सूक्ष्मदर्शक ही रचना कागदावर निर्दोष होती. सूक्ष्मदर्शक नादुरुस्त, रंग संपलेला, तंत्रज्ञाची जागा रिक्त, अशा कारणांनी ती अनेक ठिकाणी कागदावरच राहिली, आणि खोकल्याची बाटली मात्र अव्याहत चालू राहिली. त्या तीस वर्षांत जे गेले त्यांच्यापैकी कित्येक वाचू शकले असते, कारण औषध होते, निदानाची रीत होती, आणि रोगीही दारात येऊन बसला होता.

१९९७ पासून देशभर पसरत गेलेल्या सुधारित कार्यक्रमाने सुमारे एक लाख लोकवस्तीमागे एक सूक्ष्मदर्शक केंद्र हे प्रमाण धरले. तेथील काम बाहेरून पाहणाऱ्याला क्षुल्लक वाटते, म्हणून ते सविस्तर सांगितले पाहिजे. रोग्याला झाकणाची डबी दिली जाते. एक नमुना तेथेच, मोकळ्या हवेत, आणि दुसरा सकाळी उठल्याबरोबरचा. नुसती लाळ उपयोगाची नाही. दीर्घ श्वास घेऊन छातीच्या तळातून आलेला दाट, पिवळसर बेडका हवा, आणि हे रोग्याला न लाजविता समजावून सांगणे हे तंत्रज्ञाचे पहिले कौशल्य. बेडक्यातील पुवाळ कण निवडून तो काचपट्टीवर तीन बाय दोन सेंटिमीटर इतका पसरावयाचा, वाळवावयाचा, त्यावर लाल फुक्सीन ओतून खालून ज्योत दाखवावयाची, वाफ निघेपर्यंतच, उकळी येऊ न देता. मग धुऊन गंधकाम्ल, पुन्हा धुऊन निळा रंग. तेलाचा थेंब टाकून पाहिले की निळ्या पार्श्वभूमीवर लाल, किंचित वाकलेल्या काड्या दिसतात. त्या दिसत नाहीत तोवर निदान शंभर क्षेत्रे पाहावयाची असा दंडक आहे, आणि किती दिसल्या यावरून तुरळकपासून तीन अधिकपर्यंत प्रत ठरते. जंतू सापडले तर नोंदवहीत तो निकाल लाल शाईने लिहिला जातो. एका मिलिलिटर कफात पाच ते दहा हजार जंतू असल्यावाचून ही काच बोलत नाही; म्हणजे आरंभीचे अनेक रोगी तिच्या नजरेतून सुटतात. तरीही जे आपल्या घरात व गावात रोग सर्वांत अधिक पसरवितात त्यांनाच ती नेमके पकडते, आणि वीज व बर्फपेटी यांच्या भरवशावर न राहता पकडते, हे तिचे मोठेपण. ज्यांचे नावही कोणी घेत नाही, अशा त्या तंत्रज्ञांनी दिवसाकाठी वीस-वीस काचा पाहून डोळे शिणविले आहेत. त्यांच्याविषयी मला मनःपूर्वक आदर वाटतो.

साक्ष वेळेवर नोंदविली न गेल्यास काय होते, ते याच मराठवाड्याने १९९४ मध्ये पाहिले. किल्लारीच्या भूकंपाला वर्ष पुरे होत असता बीड जिल्ह्यातील मामला या गावी गाठीचा प्लेग आढळला, आणि सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगचा उद्रेक झाल्याचे जाहीर झाले. पन्नासाहून अधिक माणसे मेली. लाखो लोकांनी सुरत सोडली, आणि त्यांत खानदेश-मराठवाड्यातून पोटासाठी तेथे गेलेली पुष्कळ माणसे होती. जंतूंचे संवर्धन प्रारंभीच निर्विवादपणे झाले नाही, म्हणून हा प्लेग होताच का, यावर देशोदेशींच्या तज्ज्ञांत वाद माजला आणि डॉ. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. पुढे हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्रातील शास्त्रज्ञांनी जंतूंच्या जनुकीय तपासणीने तो प्लेगच असल्याचे दाखविले. चाइल्ड यांनी १८९७ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली जे पाहिले होते, त्याचीच खात्री करून घ्यायला शतकानंतर इतका काळ लागावा, याचे कारण विद्येच्या अभावात नव्हते. नमुना वेळेवर, योग्य भांड्यातून, योग्य ठिकाणी नेणाऱ्या व्यवस्थेच्या अभावात होते.

तान्ह्या मुलांपुढे मात्र काचही हतबल होते, कारण मूल थुंकत नाही, बेडका गिळून टाकते. येथे पुन्हा लक्षणाकडेच वळावे लागले, आणि ते वळणही महाराष्ट्रातच मोठ्या डोळसपणे घेतले गेले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८८ पासून गावातीलच माणसांना मुलाचे श्वास मोजायला शिकविले. दोन महिन्यांच्या आतील मुलाचा श्वास मिनिटाला साठ वा अधिक, वर्षाच्या आतील मुलाचा पन्नास वा अधिक आणि त्याहून मोठ्याचा चाळीस वा अधिक झाला की औषध सुरू करावयाचे. मोजणी न येणाऱ्यांसाठी मणी सरकविण्याचे साधे साधन केले. १९९० मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनी बालमृत्यू खरोखरच घटतात हे दाखविले. ‘पोट उडतंय’ म्हणणाऱ्या म्हातारीची नजर येथे प्रथमच औषधाशी जोडली गेली.

गेल्या काही वर्षांत बेडक्याची साक्ष घेण्याची आणखी एक रीत आली आहे. जंतूचा जनुकीय अंश वाढवून तो ओळखणारी यंत्रे २०१० नंतर भारतात आली. त्यांपैकी ट्रूनॅट हे गोव्यातील कंपनीने घडविलेले, बॅटरीवर चालणारे यंत्र २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मान्यतेस पात्र ठरले, आणि वातानुकूलित खोली नसलेल्या ग्रामीण दवाखान्यातही ते काम करते. काचेला जे कधीच सांगता आले नाही, म्हणजे जंतू रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला दाद देणार की नाही, ते ही यंत्रे दोन-तीन तासांत सांगतात. अंड्यापासून केलेल्या वाढखाद्यावर जंतू वाढविण्याच्या जुन्या रीतीत त्यासाठी महिने जात. आता आशाताईने वाडीवरून आणलेली डबी तालुक्याच्या ठिकाणी पोहोचते आणि निकाल निक्षय या सरकारी नोंदणीत चढतो. मात्र उपचार चालू झाल्यावर मेलेल्या जंतूंचाही जनुकीय अंश यंत्राला दीर्घकाळ दिसत राहतो, म्हणून औषध लागू पडले की नाही हे पाहण्यासाठी ते चालत नाही; त्यासाठी दुसऱ्या महिन्याच्या आणि सहाव्या महिन्याच्या अखेरीस रोग्याला पुन्हा डबी दिली जाते, आणि तंत्रज्ञ पुन्हा फुक्सीन, आम्ल आणि निळा रंग यांच्या बाटल्या काढून काच रंगवायला बसतो.